तांबडी

आमच्या आणि शेजारच्या मावशींच्या परसात मिळून एकच भिंत आहे. जुनी, दगडमातीची, वरून चुन्याचा गिलावा केलेली. मावशींच्या कोंबड्या मोरीजवळच्या भगदाडातून आमच्या बाजूला यायच्या आणि त्या भिंतीला चोची मारत बसायच्या. टक टक टक टक. खालचा हातभर गिलावा त्यांनी पार खाऊन टाकला होता. दर पावसाळ्यात यावरून माझं आणि मावशींचं एकदा तरी वाजायचंच. मी म्हणायची, "मावशी, भिंत पडली म्हणजे दोघींच्या चुली उघड्यावर येतील." त्या विडीचं पान कातरता कातरता म्हणायच्या, "खाऊ द्या वो वैनी. कोंबडीनं भिंत पाडल्याली कुणी बघितलीया?"

तुम्ही म्हणाल, जैनाच्या घराशेजारी कोंबड्या म्हणजे रोजचीच कटकट. तसं नव्हतं. निपाणीत आम्ही असेच राहत आलो. मावशींच्या घरी तसलं काही शिजायचं असेल त्या दिवशी त्या आपणहून मागचं दार लावून घेत. आमच्याकडं पुरणपोळी झाली की पहिलं ताट त्यांच्याकडं जाई. मी मात्र त्यांच्या घरी पाणीसुद्धा पीत नसे, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

गेल्या श्रावणात, नागपंचमी झाल्यावर, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. मुलगा इचलकरंजीला असतो, तिकडंच करायचं होतं आणि विश्रांतीलाही तिकडंच राहायचं होतं. बाकीच्या कोंबड्या आणि कोंबडा त्यांनी बाजारात विकले. एक तेवढी ठेवली, तांबडी. माझ्याकडं खुराड्याची कडी दाखवत म्हणाल्या, "ही लई गुणाची हाय वैनी, हिला इकाय जीव हुईना. सकाळी दार उघडायचं, दिस मावळायला लावायचं. मूठभर दाणं टाकायचं. बाकीचं तिचं ती बघतिया. आन् अंड्याला तुमी हात लावू नगा, मला ठाव हाय. कोपऱ्यावरचं पोरगं येऊन घिऊन जाईल."

"तिचं ती बघतिया" हे मी ऐकलं आणि सोडून दिलं.

पहिले चार दिवस सांगितल्याप्रमाणं केलं. पाचव्या दिवशी पाऊस उघडला होता, माती फुगून आली होती. तांबडी आमच्या जास्वंदीखाली दोन्ही पायांनी माती उकरत होती. उकरायची, एक पाऊल मागं सरायची, मान वाकडी करून बघायची. आणि तिनं एक गांडूळ ओढून काढलं. ते रबरासारखं ताणलं गेलं, अर्धं मातीत, अर्धं चोचीत. मग तुटलं.

कोंबड्या किडे खातात हे मला काय ठाऊक नव्हतं? जन्मभर बघत आले. पण इतकी वर्षं ती कोंबडी मावशींची होती आणि दारही त्या उघडत. आता कडी माझ्या हातात होती. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान दिलेलं, तिन्हीचं पाप सारखंच, हे आम्ही लहानपणी पाठशाळेत शिकलो. कृत, कारित, अनुमोदना. गांडूळ दोन इंद्रियांचा जीव, मुंगी तीन इंद्रियांची, माशी चार. मी चातुर्मासात पाणी दोनदा गाळणारी बाई. जिवाणीसुद्धा मोरीत न ओतता आडात परत सोडणारी. आणि रोज सकाळी मीच दार उघडून शंभर जिवांचा घात करवायचा?

मी कडी लावली.

उपाशी थोडीच ठेवत होते तिला? भाताची शितं, तांदळाच्या कण्या, भाकरीचा चुरा, स्वच्छ भांड्यात गाळलेलं पाणी. खुराडं रोज झाडायची. पहिले दोन दिवस ती दाराला धडका देत होती, मग शांत झाली. आठ-दहा दिवसांत अंगानं भरली, आणि मला वाटलं, मानवलं हिला. बस्तीत शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, कोंबडीलासुद्धा चातुर्मास घडवलास की!" आम्ही दोघी हसलो. मला ते आवडलं होतं, हे आज लिहून टाकते.

मावशींचा आठवड्याला फोन यायचा. "सोडतायसा न्हवं तिला?" मी म्हणायची, "हो, सोडते की." खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. आता त्यांना कुठं समजावत बसायचं, असं वाटायचं.

भाद्रपद लागला, पर्व सुरू झालं. माझं दहा दिवसांचं एकाशन होतं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा मुलगा रिकामी वाटी हलवत आला. "काकू, आज बी अंडं न्हाई. परवापासनं न्हाई." मी म्हटलं, नसेल घालत. तिसऱ्या दिवशी सकाळी कण्या घालायला गेले, तर तांबडी कोपऱ्यात उभी. बसलेली नाही, उभी. अंग फुगवलेलं, मान आत ओढलेली, शेपूट खाली पाडलेलं, पाय फाकलेले. मधूनच सगळं अंग आवळून जोर करायची आणि चोच उघडी टाकायची. तुरा एरवी जास्वंदीसारखा, तो पार फिका पडला होता. आदल्या दिवशीच्या कण्या तशाच.

आमचे हे म्हणाले, "मावशींना फोन कर आणि मोकळी हो."

केला. मावशी ऐकून घेत म्हणाल्या, "अडली असंल. परसात सोडतायसा न्हवं?"

पर्वाचा तिसरा दिवस, उत्तम आर्जव. आर्जव म्हणजे सरळपणा. त्याच दिवशी, खुराड्याच्या कडीवर हात ठेवून, मी परत म्हणाले, "हो, सोडते की."

"मग काय झालं आसंल? एरंडेल लावा, गरम पाण्यात बशिवा. न्हाईच जमलं तर खाटकाकडं दिऊन टाका वैनी. जिवाचं हाल नगं." त्यांचा आवाज शेवटी बारीक झाला. मायेनंच म्हणत होत्या. मला मात्र खाटीक हा शब्द ऐकून अंगावर काटा आला आणि क्षणभर आपण त्यांच्यापेक्षा कुठंतरी वर उभ्या आहोत असंही वाटून गेलं.

तांबडीला भाजीच्या बुट्टीत घातलं, वर जुनं धोतर बांधलं आणि रिक्षा केली. कोंबडीला हात लावण्याची माझी ती पहिलीच वेळ. पंखाखाली बोटं गेली तर चटका बसावा इतकी ऊब. ताप आहे असंच वाटलं. नंतर कळलं, पक्ष्यांचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम. रिक्षा नेमकी बस्तीच्या तोंडाशी अडकली. पूजेची ताटं घेऊन बायका उतरत होत्या. एकीनं खिडकीत वाकून विचारलं, "काय गं, बुट्टीत काय, फुलं?" आणि तांबडीनं आतून एक लांब, दुखरा आवाज काढला. त्या बाईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

जनावरांच्या दवाखान्यात सगळा कारभार कानडीत. दारातल्या माणसानं बुट्टीकडं बोट करून विचारलं, "कोळी?" मी घाईघाईनं म्हणाले, "नाही नाही, आम्ही जैन." तो गोंधळला, मी गोंधळले. मागच्या बाकावरचा म्हशीवाला पोट धरून हसला. "वैनी, कानडीत कोंबडीला कोळी म्हणत्यात." सीमेवर पन्नास वर्षं काढून मला हा शब्द ठाऊक नव्हता. कारण लागलाच नव्हता कधी.

डॉक्टर तरुण मुलगी होती. बोटांनी पोट चाचपून तिनं लगेच सांगितलं, अंडं आहे, अडकलंय. मग वर न बघता विचारलं, "किती दिवस बंद ठेवलात?"

मी तर काही बोललेच नव्हते. "तुम्हाला कसं..."

"नखं बघा ना. उकरणाऱ्या कोंबडीची नखं अशी वाढत नाहीत. चरबी पण साठलीय."

म्हटलं, तीन आठवडे. थोडं जास्तच. तिनं मग सांगितलं ते मी जमेल तसं सांगते. अंड्याचं कवच म्हणजे चुनाच. एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि ते कवच चढायला २० तास जातात. खाण्यातून चुना मिळाला नाही तर कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून काढते. तिथलाही कमी पडला की कवच पातळ होतं, आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंत जोर राहत नाही. त्यात ऊन नाही, हालचाल नाही, नुसता भात. "हिला माती पाहिजे, किडे पाहिजेत, हिरवं पाहिजे. आधी चुन्याचं काही टोचायला होतं का? शिंपले, वाळू?"

मी नाही म्हणणार होते. मग भिंत आठवली.

टक टक टक टक. इतकी वर्षं ज्यासाठी मी मावशींशी भांडत आले ते त्यांचं कवच होतं. आमच्या घराच्या भिंतीतला चुना त्या कोंबड्यांच्या पोटातून जात होता आणि कोपऱ्यावरच्या मुलाच्या वाटीत येत होता. आणि पावसाळा संपला की ती भिंत सिमेंटनं घ्यायची असं आमच्या ह्यांनी गवंड्याशी ठरवूनही टाकलं होतं.

डॉक्टरनं कॅल्शियमचं पातळ औषध दिलं, थेंबाथेंबानं चोचीच्या कडेनं पाजायचं. कोमट पाण्यात पोट बुडेल असं वीस मिनिटं बसवायचं. तेल लावायचं. अंधारात, उबेत, गडबड नाही अशा जागी ठेवायचं. "आणि ओढायचं नाही, दाबायचं नाही. अंडं आत फुटलं तर तुकडे टोचतात, आत सडतं. उद्या रात्रीपर्यंत निघालं तर बरं. नाही तर अवघड आहे."

घरी आले तेव्हा माझ्या सासूबाई मागच्या दारात खाटेवर बसल्या होत्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. लग्न होऊन आल्यापासून या घरात अंडं आलेलं नाही, त्यांच्या मीठ-मसाल्याच्या डब्याला परक्याचा हात लागलेला चालत नाही. मला वाटलं, बुट्टी आत आणू देणार नाहीत. वाद घालायचं बळ नव्हतं, सकाळपासून पोटात पाणीही नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, तांबडी अडलीय."

त्या काही बोलल्या नाहीत. मी नातवाचा निळा टप काढला, पाणी तापवून गाळून घेतलं (सवय, दुसरं काय), बाळाच्या पाण्याला बघतात तसं कोपर बुडवून बघितलं आणि तांबडीला आत बसवलं. मला वाटलं फडफडेल. तिनं एकदाच अंग शहारलं आणि मग डोळे मिटले. खालची पापणी वर चढते कोंबडीची, आपल्यासारखी वरची खाली येत नाही; हेही मी पहिल्यांदाच बघत होते. तिचं छातीचं हाड माझ्या तळहातावर टेकलं होतं आणि त्यामागं काळीज इतकं भराभर चाललं होतं की ठोके वेगळे मोजता येईनात.

पाणी निवत आलं तेव्हा आत्या खाटेवरून उतरल्या. "सरक."

"आत्या, तुम्ही..."

"अंडं खायचं नसतं. अडलेलीला सोडवायचं नसतं असं कुठं लिहिलंय?"

खोबरेल कोमट करून मागितलं. त्यांची बोटं आता थरथरतात, घास धरताना भात सांडतो. पण तेलाचं बोट त्यांनी असं फिरवलं की तांबडीनं मानही हलवली नाही. शेतावर असताना गाई सोडवल्यात त्यांनी, आणि बायकाही. माझ्या थोरल्याच्या वेळी मी दोन रात्री अडले होते. सकाळी गाडी मिळून इस्पितळात नेईपर्यंत याच माझी कंबर धरून बसल्या होत्या. तेव्हा म्हणाल्या होत्या तेच आता कोंबडीला म्हणाल्या, "जोर तुझा तू करायचा बाई. आम्ही नुसतं धरणार."

रात्री उबेसाठी बुट्टीवर दिवा लावावा म्हटलं, तर भाद्रपदातली पाखरं. दिव्याशी पडून मरणार. मी स्विचपाशी हात नेऊन उभी राहिले. एका जिवासाठी किती? शेवटी रबरी पिशवीत गरम पाणी भरून जुन्या लुगड्यात गुंडाळून तिच्या बुडाशी ठेवलं, दर दोन तासांनी उठून बदलत राहिले. हे एक बरं जमलं. पण स्विचपाशी उभं राहून मी जो हिशेब केला तो करताना तांबडी त्यात कुठं होती, हे मला आठवत नाही. मी माझ्याच खात्याची जमा-नावे बघत होते.

आत्यांनाही झोप नव्हती. अंधारात त्यांनी यशोधर राजाची गोष्ट काढली. आमच्या भागात ही गोष्ट घरोघर माहीत. जन्न कवीनं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ती कानडीत रचली, त्याआधी इ. स. ९५९ मध्ये सोमदेवांनी संस्कृतात. आत्यांना यातलं काही ठाऊक नाही, त्यांना गोष्ट ठाऊक आहे. राजाला अशुभ स्वप्न पडलं. (खरं तर राणीची भानगड आहे, ती आत्या नेहमी वगळतात.) आई म्हणाली, देवीला जीव दे. राजा म्हणाला, जीव मारणार नाही. मग मधला मार्ग निघाला, पिठाचा कोंबडा करू. पिठाचाच, पण मारायच्या भावनेनं मारला. त्यापायी मायलेक मोर झाले, कुत्रा झाले, साप, मासा, बकरा, आणि फिरत फिरत शेवटी कोंबड्याच्याच जन्माला आले.

"आपण तर पिठाचासुद्धा मारला नाही," मी म्हटलं.

आत्या बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं, डोळा लागला. मग म्हणाल्या, "कडी कुणी लावली होती?"

त्यांना सगळं दिसत होतं, खाटेवरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाणी, परत तेल, परत औषध. तांबडीनं थोडी मान टाकली होती. मी बस्तीत गेले नाही, पर्वात पहिल्यांदाच. दुपारी तीनच्या सुमारास माजघरातून खसखस ऐकू आली. लुगडं बाजूला केलं, तर ती उभी आणि खाली अंडं. अंडं तरी कसलं! कवच नव्हतंच जवळजवळ. कातड्यासारखं मऊ, सुरकुतलेलं, एका बाजूला चपटं. तांबडीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. अंग झाडलं, पिसं बसवली, वाटीतलं पाणी प्यायली. एक घोट, की चोच वर. एक घोट, की चोच वर. आत्या खाटेवर टाळी वाजवून हसल्या. मी त्यांना टाळी वाजवताना कधी बघितलं नव्हतं.

मुलाला बोलावलं. त्यानं अंडं बोटानं दाबून बघितलं. "हे कोण खातंय काकू!" मी म्हटलं, पुरून टाक मग जास्वंदीखाली. तो खड्डा करता करता माझी समजूत घालू लागला, "ह्यात जीव न्हवताच की. कोंबडा कुठाय आपल्याकडं?" बरोबर होतं त्याचं. मी तरी आंघोळ केली.

चार दिवस गेले. सातव्या दिवशी सूत्रजींचा सातवा अध्याय, व्रतांचा. रोज एक अध्याय असतो, दहा दिवसांत दहा. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मला झोपेत विचारले तरी सांगता येतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. लहानपणी वडिलांनी समजावले होते ते शेतातल्या बैलांवरून: दाव्यानं आवळून बांधू नये, चाबूक मारू नये, कान-नाक कापू नये, गाडी जास्त भरू नये, वैरण-पाणी तोडू नये. तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर बैलच यायचे. बैल आमच्याकडं आता राहिले नाहीत, त्यामुळं हे सूत्र आपल्याला लागू नाही अशी माझी सोय झाली होती. पंडितजी वाचत होते, बंध म्हणजे जिवाला त्याच्या जागी, त्याच्या मर्जीनं फिरू न देणं. अन्नपाननिरोध म्हणजे त्याचं खाणंपिणं अडवणं. पहिला आणि पाचवा. मैत्रीण कानाशी लागली, "कशी आहे गं तुझी व्रतस्थ कोंबडी?" मी जमिनीवरच्या चटईचे धागे बघत बसले.

घरी येऊन कडी काढली. डॉक्टरनं चार दिवसांनी सोडायला सांगितलंच होतं, म्हणजे मोठं काही केलं असं नाही. तांबडी उंबऱ्याशी थांबली, ऊन डोळ्यांवर आलं असावं. मग हळूहळू जास्वंदीकडं गेली. उकरलं, एक पाऊल मागं सरली, मान वाकडी करून बघितलं. मला वाटत होतं, आज काही सापडू नये. सापडलं. मी तोंड फिरवलं नाही. णमोकार म्हटला. कुणासाठी म्हटला ते मला नीट सांगता येणार नाही.

चतुर्दशी झाली, पौर्णिमा झाली, वद्य प्रतिपदेला क्षमावाणी. बस्तीत सगळ्यांनी सगळ्यांना हात जोडले, उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. परगावच्या नातेवाइकांना फोन झाले. इचलकरंजीचा नंबर मी दोनदा काढला आणि ठेवून दिला.

मावशी त्यानंतर आठ दिवसांनी आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा. पिशवी खाली न ठेवताच परसात गेल्या. मी भगदाडाजवळून वाकून बोलत असे नेहमी. त्या दिवशी पुढच्या दारानं त्यांच्या घरात गेले आणि सगळं सांगितलं. कडी, गांडूळ, फोनवरचं खोटं. त्यांनी तांबडीला मांडीवर घेतलं होतं, छातीचं हाड बोटांनी चाचपत होत्या. हाड टोकदार लागत होतं, आजारात झडली होती ती.

खूप वेळानं म्हणाल्या, "तुमास्नी किड्यांची दया आली. माझ्या कोंबडीची न्हाई आली का वो?"

चष्म्यामुळं डोळे दिसत नव्हते. मी हात जोडले. त्यांनी माझे हात पकडून खाली केले आणि तांबडीच्या पाठीवर ठेवले, बघा की, पिसं किती गळालीत म्हणून. मग उठून चूल पेटवायला लागल्या. पाणी पिणार का, हे त्यांनी विचारलं नाही. कधीच विचारत नाहीत, त्यांना ठाऊक आहे. मीही मागितलं नाही. बसून मात्र राहिले, त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत.

दसऱ्यानंतर गवंडी आला. आमचे हे त्याला भिंत दाखवत होते, वरपासून खालपर्यंत सिमेंट. मी म्हटलं, खालचा हातभर भाग सोडून कर. गवंडी म्हणाला, "वैनी, तिथनंच तर भिंत खचतिया." ह्यांनी माझ्याकडं बघितलं. पलीकडून मावशी ओरडल्या, "अवो, करू द्या त्याला समदं! म्या शिंपलं आणलंत बाजारातनं."

शिंपले म्हणजे काय, कुठले, हा विचार माझ्या मनात आलाच. तो मी गिळला आणि गवंड्याला म्हणाले, "तरी सोड."

अजून भिंत उभी आहे. तांबडी एक दिवसाआड अंडं घालते. सकाळी मी स्वयंपाकघरात असते तेव्हा टक टक ऐकू येतं.